एका अंगुळाचा हिशेब

भूम गाव आणि होडी यांचा एकमेकांशी संबंध काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज उभा राहील. बालाघाटाच्या पठारावर वसलेला हा मुलूख पाण्याच्या बाबतीत फार श्रीमंत कधीच नव्हता. येथे पडणारा पाऊसही दोन थोर नद्यांत वाटला जातो. काही ओढे मांजरेला मिळून गोदावरीची वाट धरतात, तर काही सीनेला मिळून भीमेच्या व पुढे कृष्णेच्या पदरात पडतात. मागे उरते ते विहिरीच्या तळाशी. १९७२ सालचा दुष्काळ पाहिलेल्या पिढीला होडी ही शाळेच्या पुस्तकातील चित्रापुरतीच ठाऊक असावी, यात नवल नाही. असे असूनही, लहान होडीच्या पाठीमागे जे यंत्र टांगतात ते किती उंचीवर टांगावे, या प्रश्नाचे मर्म भूमच्या शेतकऱ्याला समुद्रकाठच्या नावाड्याइतकेच ठाऊक आहे. फरक एवढाच, की त्याला ते विहिरीच्या काठावर उमगले.

मोटेचे दिवस सरले आणि विहिरींवर प्रथम तेलाची इंजिने व नंतर विजेच्या मोटारी आल्या. पंपाची नळी पाण्यात सोडलेली असते आणि तिच्या टोकाला झडप बसविलेली असते. या फूटव्हॉल्व्हला खेडोपाडी सर्रास ‘फुटबॉल’ म्हणतात. चैत्र-वैशाखात विहिरीचे पाणी खाली जाऊ लागले, की नळीच्या तोंडावर पाणी वीतभरच उरते. मग त्या जागी पाण्यात भोवरा पडू लागतो, भोवऱ्याच्या पोकळीतून हवा नळीत शिरते, आणि पाहता पाहता धार तुटते. पंपाने हवा धरली, असे शेतकरी म्हणतो. पाण्याचा भार उतरल्याबरोबर इंजिनाचा सूर चढतो आणि दूर बांधावर बसलेला मनुष्यही तो ऐकून विहिरीकडे धाव घेतो. यंत्र फिरत आहे, तेल जळत आहे, पण काम मात्र शून्य! पाण्यात काम करणाऱ्या यंत्राला पुरेसे पाणी अंगावर लागते. ते थोडे जरी कमी पडले तरी यंत्र हवेशी झुंजत बसते. हा धडा जगातील मोठमोठ्या जहाजबांधणाऱ्यांना शिकण्यास शंभर वर्षे लागली. त्या शिक्षणाचा पहिला पाठ खुद्द मुंबई बंदरात गिरविला गेला, हे मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट १८२९ साली बांधून तयार झाली. ४११ टनांची, सागवानी अंगाची ही बोट प्रत्येकी ८० अश्वशक्तीच्या दोन इंजिनांवर चाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत तिला तांबड्या समुद्राच्या मार्गाने टपाल नेण्याचे काम मिळाले. २० मार्च १८३० रोजी कप्तान जॉन विल्सन यांच्या हाताखाली ती सुवेझकडे निघाली. अडचण अशी, की तिच्या पोटात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती, आणि एडनपर्यंतचा प्रवास त्याहून पुष्कळ लांबचा. तेव्हा खोल्यांतून, डेकवर, मिळेल त्या जागी कोळसा भरण्यात आला. त्या भाराने बोट इतकी खाली बसली, की तिची मागची बाजू जवळजवळ पाण्याच्या पातळीला टेकली. एडन गाठण्यास तिला ११ दिवस लागले, आणि तेथे पोहोचली तेव्हा काही तासांपुरताच कोळसा शिल्लक होता. मुंबई सोडल्यापासून सुमारे ३३ दिवसांनी ती सुवेझला लागली.

त्या काळच्या आगबोटींना दोन्ही बाजूंस मोठमोठी चाके असत. चाकांच्या कडेला फळ्या बसविलेल्या असत व त्या पाणी मागे लोटीत. या फळ्या बेताच्या बुडाल्या तरच चाक नीट काम करी. बोट भाराने खाली बसली, की चाक गरजेपेक्षा अधिक बुडे. मग फळ्यांची शक्ती पाणी मागे लोटण्याऐवजी ते वर उचलण्यातच खर्च होई. उलट कोळसा जळून बोट हलकी झाली, की फळ्या पाण्याला नुसत्या चाटून जात. समुद्र खवळला असता तर एक चाक खोल बुडे व दुसरे हवेत गरगरे. सारांश, प्रवासाच्या आरंभी चाक फार खोल आणि अखेरीस फार उथळ. नेमकी उंची वाटेत कोठेतरी एखाद-दुसरा दिवसच साधे. ज्या गोदीने हे सारे अनुभवले त्याच गोदीतील वाडिया घराण्याचे आर्देशीर करसेटजी हे १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले.

चाकाच्या या दोषावर उपाय निघाला तो मळसूत्राचा. १८३६ साली फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाच्या इंग्रज शेतकऱ्याने आणि जॉन एरिक्सन या स्वीडिश अभियंत्याने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पाण्याखाली फिरणाऱ्या मळसूत्राचे हक्क नोंदविले. स्मिथचे मळसूत्र लाकडी होते. १८३७ साली कालव्यात प्रयोग चालू असता ते कशावर तरी आदळले व त्याचा निम्मा भाग तुटून गेला. होडी थांबेल असे सर्वांना वाटले. प्रत्यक्षात ती अधिक वेगाने पळू लागली! लांबलचक मळसूत्रापेक्षा आखूड मळसूत्र बरे, हा शोध असा अपघाताने लागला, आणि आजच्या पाकळ्यांच्या पंख्याचे रूप त्यातूनच पुढे उदयास आले. १८४५ साली इंग्रजी आरमाराने पंख्याची ‘रॅटलर’ व चाकांची ‘अलेक्टो’ या दोन जहाजांच्या शेपट्या एकमेकींस बांधून त्यांना विरुद्ध दिशांना ओढावयास लावले. ‘रॅटलर’ने ‘अलेक्टो’ला ताशी सुमारे अडीच सागरी मैल वेगाने फरफटत मागे नेले. पंखा जहाजाच्या पोटाखाली, पाण्यात खोल असल्यामुळे भार वाढला काय किंवा घटला काय, त्याच्या कामात चाकाइतका बिघाड होत नसे.

पण खोल बुडाले म्हणजे सर्व झाले, असेही ठरले नाही. चार्ल्स पार्सन्स यांनी १८९४ साली ‘टर्बिनिया’ ही टर्बाइनवर चालणारी नौका पाण्यात सोडली. यंत्र अपूर्व शक्तीचे. तरी आरंभीच्या चाचण्यांत नौका अपेक्षित वेग घेईना. पंखा फार जोराने फिरला म्हणजे त्याच्या पाकळ्यांच्या पाठीवरील पाण्याचा दाब इतका उतरतो, की थंड पाणीही तेथल्या तेथे उकळते, असे आढळून आले. भूमच्या खव्याच्या भट्ट्यांवर दुधाला जे बुडबुडे येतात ते विस्तवाच्या आचेने. पंख्याभोवती येतात ते दाब उतरल्यामुळे. असे बुडबुडे पुढे फुटतात तेव्हा त्यांच्या आघाताने धातूलाही खड्डे पडतात. इंग्रजीत या प्रकाराला कॅव्हिटेशन असे नाव मिळाले. पार्सन्स यांनी १८९५ साली एक लहानसे बंद पात्र तयार करून त्यात हा प्रकार डोळ्यांनी पाहिला, एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर नऊ पंखे बसविले, आणि १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवी आरमारी सोहळ्यात ‘टर्बिनिया’ ताशी ३४ सागरी मैलांच्या वेगाने साऱ्या आरमाराच्या नाकावर टिच्चून धावली.

येथे एक भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. पार्सन्स यांना छळणारे बुडबुडे पाण्याच्या वाफेचे होते. लहान होडीच्या पंख्याला जे छळतात ते बहुधा पृष्ठभागावरून ओढल्या गेलेल्या हवेचे असतात. म्हणजे भूमच्या विहिरीवरचाच तो प्रकार. दोहोंचे परिणाम सारखे भासतात, परंतु कारणे निराळी आहेत, आणि म्हणून उपायही निराळे. पहिल्यावर पंख्याचा आकार व वेग बदलणे हा उपाय होय. दुसऱ्यावर यंत्राची उंची नीट साधणे.

होडीच्या बाहेर टांगण्याच्या यंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. गुस्ताव्ह त्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ साली पॅरिसच्या सेन नदीत सुकाणूला जोडलेल्या विजेच्या मोटारीवर होडी चालवून दाखविली. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने १९०५ च्या सुमारास पेट्रोलवर चालणारे यंत्र तयार केले. परंतु हे यंत्र घरोघर पोहोचविण्याचे श्रेय ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराकडे जाते. मिलवॉकी शहराजवळच्या तळ्यावर वनभोजनाला गेला असता बेस नावाच्या आपल्या वाग्दत्त वधूसाठी तो भर उन्हात वल्ही मारीत पलीकडून आइसक्रीम घेऊन आला. परत येईपर्यंत त्याचे पाणी झाले होते, आणि त्याच रागातून यंत्राची कल्पना सुचली, अशी हकीकत सांगतात. १९०९ साली त्याचे यंत्र विक्रीस आले. ते दीड अश्वशक्तीचे व ६२ पौंड वजनाचे होते. एका माणसाने उचलून होडीच्या मागील फळीला अडकवावे, स्क्रू आवळावेत आणि निघावे. त्याच्या नावाचा हा यंत्रप्रकार पुढे शंभरांहून अधिक वर्षे निघत राहिला व २०२० साली त्याचे उत्पादन बंद झाले.

या सोयीतच अडचणीचे बीज होते. जहाजाचा पंखा जहाजबांधणारा एकदाच, हिशेब करून बसवितो. होडीबाहेरचे यंत्र कोणीही, कोणत्याही फळीला, हव्या त्या उंचीवर लावू शकतो. कारखान्यात बसलेल्या एव्हिन्रूडला गिऱ्हाइकाच्या होडीची फळी किती उंच आहे हे कसे कळावे? यातून पुढे दांड्याच्या लांबीची मापे ठरून गेली. साधारणतः १५, २० व २५ इंच उंचीच्या फळ्यांसाठी आखूड, लांब व अतिलांब दांड्याची यंत्रे मिळू लागली. पंख्याच्या वर एक आडवा सपाट पत्रा असतो. पृष्ठभागावरची हवा खाली ओढली जाऊ नये म्हणून तो योजिलेला असतो. व्यवहारात त्याला कॅव्हिटेशनचा पत्रा म्हणतात. वर सांगितलेल्या भेदावरून हे नाव चुकीचे ठरते. तथापि नाव चुकले तरी पत्र्याचे काम चुकलेले नाही. यंत्राची उंची ठरविण्याची खरी खूण हा पत्राच होय.

आपल्या देशात पारंपरिक होड्यांवर ही यंत्रे मोठ्या संख्येने आली ती केरळच्या किनाऱ्यावर, १९८० नंतरच्या दशकात. तेथील जुन्या होड्यांची दोन्ही टोके निमुळती, मागे सपाट फळीच नाही. म्हणून यंत्र कडेला टांगावे लागे, आणि होडी कलली की पंखा हवेत येई. कित्येक ठिकाणी होडीची घडणच बदलून तिला मागे सपाट फळी देण्यात आली. यंत्र होडीसाठी घेतले, आणि अखेर होडीच यंत्राप्रमाणे बदलावी लागली!

भूमपासून दूर नसलेल्या पाण्याकडे आता वळू. परांड्याच्या सरहद्दीवर सीना-कोळेगावचे धरण आहे. त्यापलीकडे करमाळा तालुका, आणि करमाळ्याच्या पश्चिमेस भीमेवरील उजनी धरणाचा अफाट फुगवटा. पूर्वी नदी ओलांडण्यास या मुलखात वाळक्या भोपळ्यांची सांगड किंवा गुळाची काहील चाले. भोई लोकांची नाव हे तर मोठेच वाहन. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले आणि जेथे नदी होती तेथे सागर पसरला. समोरासमोरची गावे एकाएकी दोन किनारे झाली. रस्त्याने गेल्यास मोठा वळसा पडू लागला, म्हणून शेतकरी, विद्यार्थी, बाजारकरी होडीने ये-जा करू लागले. या पाण्याचा स्वभाव मोठा फसवा. पावसाळ्याअखेर ते काठोकाठ भरते. उन्हाळ्यात इतके उतरते, की पळसदेवचे बुडालेले प्राचीन देऊळही कधी कधी उघडे पडते. म्हणजे ज्या जागेवरून दिवाळीत होडी निर्वेध जाते, तेथेच वैशाखात पंख्याखाली जुनी भिंत, विहिरीचा काठ किंवा बाभळीचे खोड येऊ शकते.

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट या पाण्यात वादळी वाऱ्यात उलटली. एकजण पोहून काठाला लागला. सहाजणांना जलसमाधी मिळाली. ती घटना वादळाने घडली. यंत्राच्या उंचीशी तिचा संबंध जोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु उघड्या पाण्यावर लहान होडी किती थोडक्या अंतराने तरते, हे मात्र त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळले. या थोडक्या अंतरांपैकी एक अंतर होडीच्या पाठीमागच्या फळीवर मोजले जाते, आणि ते वाऱ्याच्या नव्हे, तर माणसाच्या हाती असते.

यंत्र फार वर बसविले तर काय होते? होडी सरळ, रिकामी चालली असता कदाचित काहीच नाही; उलट वेग थोडा वाढलेलाच दिसतो. पण वळण घेताना, किंवा लाटेवर मागची बाजू उचलली जाताच, पंखा हवा धरतो. यंत्र किंचाळू लागते, जोर नाहीसा होतो, आणि वाऱ्याला तोंड देण्याच्या नेमक्या घटकेला होडी आडवी पडते. शिवाय यंत्र थंड ठेवणारे पाणी त्याच्या पायातील छिद्रांतून वर खेचले जाते; ती छिद्रे उघडी पडली तर यंत्र तापून बंद पडण्याची भीती असते.

फार खाली बसविले तर त्याहून निराळी दुःखे. यंत्राचा पाय नांगराच्या फाळासारखा पाण्यात रुततो, वेग मंदावतो, तेल अधिक जळते, सुकाणू जड जाते व पाण्याचे फवारे मागून आत येतात. उथळ पाण्यात तोच पाय दगडावर आदळतो. सर्वांत घातक प्रकार म्हणजे आखूड दांड्याचे यंत्र स्वस्त मिळाले म्हणून होडीची मागची फळीच कापून खाली आणणे. ती फळी म्हणजे मागून येणाऱ्या लाटेला घातलेला बांध. तो बांध दोन इंच कापला, की त्या दोन इंचांतून केव्हा ना केव्हा पाणी आत येणारच. फळी उंच असेल तर लांब दांड्याचे यंत्र घ्यावे. ती ठेंगणी असेल तर वर मजबूत सागवानी ठोकळा बोल्टांनी पक्का बसवावा. कापाकाप मात्र कधी करू नये.

उंची ठरविण्याची रीत कठीण नाही. होडी काठावर सरळ ठेवून एक लांब, सरळ पट्टी तिच्या तळाला लावावी व मागे पंख्यापर्यंत न्यावी. हलकी, वेगाने पाण्यावर स्वार होणारी होडी असेल तर पत्रा त्या पट्टीच्या बरोबरीस, फार तर एक अंगूळ वर असावा. सावकाश चालणाऱ्या, ओझ्याच्या होडीत तो एक-दोन अंगुळे खाली असणे बरे. तळाच्या मध्यावर जाड कणा असेल तर त्यामागे पाणी फेसाळते, हेही ध्यानी धरावे. पुष्कळशा मोठ्या यंत्रांच्या कंसाला पाऊण पाऊण इंचावर भोके पाडलेली असतात. आणि चोवीस अंगुळांचा हात धरणाऱ्या आपल्या जुन्या मापाप्रमाणे अंगूळ म्हणजे जवळजवळ पाऊण इंचच! मग शांत पाण्यात, नेहमी असते तेवढे ओझे घालून, परंतु उतारू न घेता, होडी चालवून पाहावी. ओझे म्हणून वाळूची पोती चालतात. चालविणाऱ्याने अंगात तरंगते जाकीट घालावे व यंत्र बंद करणारी दोरी मनगटाला बांधावी. दुसऱ्या माणसाने पत्रा पाण्यात कसा चालतो ते पाहावे, आणि यंत्रातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार अखंड आहे ना याकडे लक्ष ठेवावे. दोन्ही बाजूंस वळणे घेऊन पाहावीत. सूर चढला तर यंत्र एक भोक खाली. पाणी उसळले व वेग बसला तर एक भोक वर. एका वेळी एकच भोक बदलावे आणि प्रत्येक खेपेचा निकाल वहीत टिपून ठेवावा.

‘ह्यू लिंडसे’च्या कप्तानाला ही मुभा नव्हती. त्याची चाके जेथे बसविली तेथेच होती. कोळशाचे ओझे ठरवील तेवढीच ती बुडत. आजच्या नावाड्याला मात्र दोन बोल्ट सैल करून ते अंतर बदलता येते, म्हणून त्याची जबाबदारीही अधिक. सकाळी चार माणसांवर साधलेली उंची संध्याकाळी बाजाराचे ओझे आणि बारा माणसे घेतल्यावर तीच राहत नाही. होडी खाली बसते, पंखा खोल जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे मागची फळी पाण्याजवळ येते. उंचीचा हिशेब हा अखेर ओझ्याचा हिशेब आहे, आणि जादा उतारूंना नाही म्हणण्याचे धैर्य हा त्यातला सर्वांत अवघड आकडा.

भूमच्या माळावर उन्हाळ्यात आजही पंप हवा धरतो. बांधावरचा मनुष्य सूर ऐकतो, उठतो, मोटार बंद करतो, नळी वीतभर खाली सोडतो आणि मगच पुन्हा चालू करतो. त्याला कोणी पार्सन्सचे नाव सांगितलेले नसते. यंत्राचा सूर बदलला की प्रथम थांबावे, एवढे मात्र तो जाणतो. उजनीच्या पाण्यावर होडी हाकणाऱ्याने एवढीच सवय त्याच्यापासून उसनी घेतली, तर पलीकडच्या काठावर वाट पाहणाऱ्यांचे पुष्कळसे भय कमी होईल.